कीबोर्डच्या वायरीतून आवाज जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्याविषयी एक लेख होता. लेख हौसेने लिहिला आहे, फोटोही छान आहेत. पण त्यातल्या दोन वाक्यांनी माझ्या जुन्या जखमेवरची खपली निघाली. पहिलं वाक्य असं, की कीबोर्ड एका वायरीने कॉम्प्युटरला जोडला की त्याचा आवाज थेट कॉम्प्युटरमध्ये उतरतो. दुसरं, मिडी फाइल म्हणजे एमपी-थ्रीचीच लहान आवृत्ती. यातलं पहिलं अर्धं खोटं आहे आणि दुसरं पूर्ण. असंच काहीतरी मला सुरुवातीला एकाने सांगितलं होतं आणि त्यापायी माझ्या तीन संध्याकाळी मुक्या कॉम्प्युटरसमोर गेल्या. आणखी कुणाच्या जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी तार खात्यात नोकरी केली. सुरुवातीला मोर्सवर, मग टेलिप्रिंटरवर. निवृत्तीनंतर कीबोर्ड शिकले. वाजवते बेताचंच, पण घरी हे गातात आणि यांना रियाझाला साथ लागते. माणूस रोज मिळत नाही, म्हणून मीच साथ वाजवून रेकॉर्ड करून ठेवावी एवढाच उद्योग. माझ्या कीबोर्डला मागे बरीच भोकं आहेत. हेडफोनचं गोल, पेडलचं गोल आणि एक चौकोनी, प्रिंटरला असतं अगदी तसं. भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, प्रिंटरचीच वायर लागते त्याला. काढ आणि लाव." काढली आणि लावली.

कॉम्प्युटरने टुंग केलं, नवीन वस्तू ओळखली म्हणाला. मी रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी उघडलं, लाल बटण दाबलं, पाच मिनिटं मन लावून वाजवलं. पडद्यावर सरळ रेघ. म्हणजे अक्षरशः रेघ, रुग्णाची नाडी थांबल्यावर यंत्र दाखवतं तशी. मी वायर बदलली, भोक बदललं, कीबोर्डचा आवाज पूर्ण वाढवला. तरी रेघ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी दुसरा प्रोग्रॅम घेतला. त्यात कीबोर्डची पट्टी दाबली की एक छोटा हिरवा दिवा लुकलुकायचा, सोडली की विझायचा. आवाज नाहीच. पण मी त्या दिव्याकडे बघत बसले आणि एकदम डोक्यात उजेड पडला. हा दिवा मी ओळखते. ही तर तार आहे!

तारेच्या वायरीतून कधी माणसाचा आवाज गेला का? नाही. इकडे कळ दाबली, तिकडे ठोका पडला. काय आलं ते तिकडच्या माणसाने ऐकून कागदावर लिहायचं आणि मग ती तार ज्याला वाचायची त्याने आपल्या आवाजात वाचायची. त्या चौकोनी भोकातून बाहेर पडतं ते नेमकं हेच. 'अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने' आणि 'अमुक पट्टी सोडली'. यालाच मिडी म्हणतात. त्यात सूर नाही, व्हायोलिन नाही, पियानो नाही. कॉम्प्युटरमध्ये ती तार वाचून दाखवणारं वाद्य, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वाद्य, ट्रॅकवर बसवलेलं नसेल तर तार पोचते आणि टेबलावर पडून राहते. माझ्या तीन संध्याकाळी अशा पडून राहिल्या होत्या. ऑडॅसिटीचाही दोष नव्हता. ते आवाज टिपणारं सॉफ्टवेअर आहे, मिडी रेकॉर्ड करत नाही. त्याला आवाज मिळतच नव्हता, तर ते रेघेशिवाय काय काढणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कुठली वायर घ्यावी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्हाला कीबोर्डचा आवाज कॉम्प्युटरमध्ये हवाय, का बोटांनी काय केलं त्याची नोंद हवीय? लेखात हा प्रश्नच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या वायरी वेगळ्या, त्यांची दुखणी वेगळी आणि सॉफ्टवेअरमधलं बटणसुद्धा वेगळं.

आवाज हवा असेल, म्हणजे कीबोर्डच्या पोटातली ती विशिष्ट बासरी किंवा त्यातला तयार ठेका जसाच्या तसा हवा असेल, तर लाइन आउट असं लिहिलेल्या भोकातून, नाहीतर हेडफोनच्या भोकातून वायर काढायची. इथे बहुतेकजण करतात ती चूक मीही केली. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती वायर खुपसली. माइकचं भोक कुजबुज ऐकण्यासाठी केलेलं असतं. त्याच्या कानाशी कीबोर्ड ओरडला, की सूर फाटतो. शिवाय ते सहसा एकाच बाजूचं ऐकतं, डावं-उजवं वेगळं ठेवत नाही. आवाज कमी करून काम भागतं, पण भागतं एवढंच. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात दोन वायरी घालायच्या, एक डावी, एक उजवी. तिची यूएसबी कॉम्प्युटरला. पुढेमागे गायचंही असेल तर माइकही तिलाच लागतो. हा खर्च वाया जात नाही. पण फक्त मिडी हवं असेल तर ही डबी असल्याशिवाय चालतच नाही असं नाही. लेखाचा सूर तसा होता, म्हणून सांगितलं. काही नव्या कीबोर्डमधून त्याच चौकोनी भोकातून आवाजही जातो, हेही खरं. कीबोर्डच्या पुस्तिकेत 'यूएसबी ऑडिओ' असे शब्द असले तरच ते धरावं. नसले तर ती वायर फक्त तारा नेते.

आवाजाच्या वायरीचं आणखी एक दुखणं म्हणजे घुंग. लॅपटॉप चार्जरला लावलेला, कीबोर्ड त्याच्या अडॅप्टरवर, आणि दोघांना जोडणारी वायर. झालं विजेचं वर्तुळ. रेकॉर्डिंगच्या तळाशी सारखा 50 हर्ट्झचा सूर लागून राहतो. यांनी तो ऐकून विचारलं, "तानपुरा कुठून येतोय? आणि बेसूर का आहे?" चार्जर काढला, घुंग बंद. बॅटरीवर रेकॉर्ड करा म्हणजे निदान कारण कुठे आहे ते कळतं.

आता जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीत ही घुंग येऊ नये याची सोय मुळातच केलेली आहे आणि ती मला फार आवडते. माझ्या कीबोर्डला ते भोक नाही, पण आमच्या ओळखीतल्या एकांच्या जुन्या कीबोर्डला आहे, त्यांना जोडून देताना मी ते नीट पाहिलं. पिना पाच, पण कामाच्या तीनच. कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या. आणि तार स्वीकारणाऱ्या यंत्रात वीज सरळ आत जातच नाही. आत एक बारीकसा दिवा असतो, वीज आली की तो लागतो, आणि त्याच्यासमोर बसलेला प्रकाश ओळखणारा भाग पुढे निरोप देतो. मधे नुसता उजेड. दोन यंत्रांच्या विजेची गाठच पडत नाही, मग घुंग जाणार कशातून? मोर्सवर बसलेल्या बाईला याहून सुरेख काय वाटणार, सांगा.

त्याची गती वाचली तेव्हाही हसू आलं. आम्ही टेलिप्रिंटर चालवायचो तो 50 बॉडचा, म्हणजे सेकंदाला 50 ठोके. मिडीची जुनी वायर 31,250 ची. बरोबर 625 पट. पण रीत तीच! प्रत्येक अक्षराच्या आधी एक 'सुरू'चा ठोका, शेवटी 'संपलं'चा. आमच्या अक्षरात मधे पाच ठोके असायचे, यांच्यात आठ. एक सूर दाबल्याचा निरोप तीन अक्षरांचा: कुठल्या चॅनलवर, म्हणजे कुठल्या वाद्याच्या खात्यात, काय घडलं, कुठली पट्टी, किती जोर. तीन अक्षरं म्हणजे तीस ठोके, हिशेब करा, जेमतेम एक हजारांश सेकंद. आणि पुढचा निरोपही त्याच जातीचा असेल तर पहिलं अक्षर गाळून दोनच अक्षरं पाठवायची मुभा आहे. तारेला शब्दावर पैसे पडत, त्यामुळे शब्द गाळण्यात आमची हयात गेली. हे गाळणारे लोक आपल्यातलेच वाटले. त्यांची आणखी एक युक्ती आहे. पट्टी सोडल्याचा वेगळा निरोप न पाठवता 'तीच पट्टी दाबली, जोर शून्य' असं कळवायचं, म्हणजे निरोपाची जात बदलत नाही आणि पहिलं अक्षर याही वेळी वाचतं.

हे सगळं ठरलं 1983 साली. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, एकीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलायचं नाही. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि त्या वर्षी जानेवारीत एका प्रदर्शनात स्मिथ यांचं प्रॉफेट-600 आणि काकेहाशींच्या रोलंड कंपनीचं ज्युपिटर-6 ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून दाखवली. एकावर वाजवलं, दुसरंही वाजलं. त्यांनी ही भाषा वापरायचे पैसे कुणाकडून मागितले नाहीत. 2013 मध्ये दोघांना मिळून ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आता दोघंही नाहीत. 2020 साली मिडीची दुसरी आवृत्ती आली, पण 83 सालची भाषा आजही कीबोर्डमधून निघते आणि कॉम्प्युटरला कळते. टेलिप्रिंटर भंगारात गेले, हे टिकलं.

पाच पिनांच्या वायरीला यूएसबीची शेपटी असलेले स्वस्त अडॅप्टर मिळतात. त्यांच्या एका प्लगवर 'इन' आणि एकावर 'आउट' लिहिलेलं असतं. इथे माणसं 'इन' 'इन'मध्ये घालतात आणि काहीच होत नाही म्हणून वायर परत करतात. कीबोर्डचं 'आउट' म्हणजे त्याचं बोलायचं तोंड. ते अडॅप्टरच्या ऐकायच्या कानाला लागलं पाहिजे, म्हणजे त्याच्या 'इन'ला. काही अडॅप्टरवर मात्र 'इनमध्ये घाला' अशा अर्थाने 'इन' लिहितात! म्हणून चालेना तर डोकं न चालवता दोन्ही प्लग अदलाबदल करून बघावे. काही जळत नाही.

यूएसबी वायरीतही फसवणूक असते, पण तिची गंमत थोडक्यात सांगते. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात निरोप नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. दिसायला तंतोतंत सारखी. बारीक भोकाच्या छोट्या कीबोर्डला मोबाइलच्या चार्जरची वायर लावली आणि कीबोर्डचा दिवा लागला पण कॉम्प्युटरने टुंग केलं नाही, तर आधी वायरीवर संशय घ्या. आणि कीबोर्ड आधी चालू करून मगच रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडा. बरेच प्रोग्रॅम कोण कोण हजर आहे ते उघडतानाच बघून घेतात, उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत.

बरं, वाद्य बसवलं, आवाज आला. आता दोन आवाज आले! एक कीबोर्डच्या स्पीकरमधून, एक कॉम्प्युटरमधून, पहिल्यामागून किंचित उशिरा. रिकाम्या हॉलमध्ये वाजवल्यासारखं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लोकल कंट्रोल' म्हणून असतं, ते बंद केलं की कीबोर्ड स्वतः गप्प राहतो आणि फक्त निरोप पाठवतो. पण रेकॉर्डिंग आटोपल्यावर ते परत चालू करायला विसरू नये. मी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी कीबोर्ड मेला म्हणून घरात दुखवटा होता.

उरला तो उशीर. त्यावर लेखात एक ओळ आहे, 'चांगला कॉम्प्युटर घ्यावा'. कॉम्प्युटर बदलायची गरज नसते हो! कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, आधी बादली भरतो मग ओततो. त्या बादलीला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या बारीक तुकड्यांच्या, हिशेबात 1024 नमुन्यांची बादली भरायला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, 256 ची असेल तर सहाच्या आत. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे मोठी बादली ठेवलीत, तर बोट इथे आणि वाद्य आठ मीटर लांब, असं वाजवावं लागतं. आणखी बारीकसारीक उशीर त्यात मिसळतात ते वेगळेच. बफर लहान केला की वाद्य जवळ येतं. फार लहान केला तर कॉम्प्युटरला बादल्या भरणं झेपत नाही आणि आवाजात कटकट ऐकू येते. 256 पासून सुरुवात करा, कटकट आली तर वर जा. विंडोजवर त्यासाठी सहसा एएसआयओ जातीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि आवाजाचं यंत्र यांच्यामधला दुभाषी, निवडावा लागतो, मॅकवर ती भानगड नाही. माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर 256 ला काम निभतं. वाजवून झाल्यावर सगळे आवाज एकत्र मिसळायला बसताना बादली मोठी केली तरी बिघडत नाही, कारण तेव्हा बोटं चालायची नसतात.

आता मिडीने मला काय दिलं ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई नुसती रडगाणं गातेय. यांची पट्टी काळी दोन. थंडीत घसा बसला की पांढरी दोनवर येतात. आवाजाचं रेकॉर्डिंग असतं तर मला सगळी साथ पुन्हा वाजवावी लागली असती, किंवा सॉफ्टवेअरने सूर ओढून खाली आणला असता आणि पेटीला सर्दी झाल्यासारखं ऐकू आलं असतं. मिडीत प्रत्येक पट्टीला आकडा आहे, मधल्या सप्तकाचा पांढरी एक म्हणजे 60. सगळं निवडलं, एक आकडा खाली उतरवलं, झालं. लय तीच, वाद्य तेच, सूर एका घराने खाली. लय वाढवायची तर तीही वाढते, सूर हलत नाही. मी खुशीत यांना हाक मारली. ठेका सुरू झाला आणि आम्ही दोघंही दचकलो.

झालं होतं असं, की 'सगळं निवडलं' मधे ठेकाही आला होता. ठेका दहाव्या चॅनलवर असतो आणि तिथे आकडा म्हणजे सूर नव्हे, प्रत्येक आकडा म्हणजे वेगळं वाद्य. 38 म्हणजे स्नेअर ड्रम, 37 म्हणजे ड्रमच्या काठावरची टिचकी. 42 म्हणजे मिटलेल्या झांजेची टिकटिक, 41 म्हणजे मोठा खर्जातला ड्रम. सगळं एकेक घर खाली आल्यावर जिथे स्नेअर होता तिथे टिचकी आणि जिथे हलकी टिकटिक होती तिथे धडाम, धडाम, धडाम. हे म्हणाले, "मला गायचंय, युद्धावर जायचं नाही." तेव्हापासून दहावा चॅनल सोडून निवड करते. उलटही एकदा झालं आहे. चुकून माझ्या सुरावटीच्या ट्रॅकला दहावा चॅनल लागला आणि आलापाच्या जागी भांड्यांची मांडणी कोसळल्याचं ऐकू आलं.

रात्रीचा एक प्रकारही सांगून टाकते. वाजवता वाजवता वायर पायात अडकली आणि निघाली, तेव्हा नेमकं एक बोट पट्टीवर होतं. 'दाबली' हा निरोप गेला होता, 'सोडली' जायचा राहिला. ऑर्गनचा सूर सुरूच. पट्टी सोडली तरी सुरू, कीबोर्ड बंद केला तरी सुरू. कीबोर्डचा संबंधच उरला नव्हता, तार वाचणारा कॉम्प्युटर पुढच्या तारेची वाट बघत सूर धरून बसला होता. साडेअकरा वाजता घरभर तो सूर. प्रोग्रॅममध्ये 'पॅनिक' नावाचं बटण असतं, ते सगळ्या पट्ट्यांना 'सुटा' असं सांगतं. ते कुठे आहे हे आधीच बघून ठेवावं, त्या वेळी सापडत नाही. पेडलही असाच घोळ घालतं. पाय न लावता सगळे सूर लांबत असतील आणि दाबल्यावर तुटत असतील तर पेडल उलटं कळलेलं असतं. बहुतेक कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघून घेतात, म्हणून चालू करताना पाय लांब ठेवायचा. माझा पाय नेमका पेडलवर असायचा.

आणि एक गोष्ट, जी लेखात यायला हवी होती असं मी म्हणणार नाही, ती माझ्यासारखीलाच जाणवेल. मिडीत प्रत्येक पट्टीचा जोर 1 ते 127 मध्ये नोंदतात. माझं वाजवणं मी पडद्यावर उघडून पाहिलं, एकेक सूर म्हणजे एकेक आडवी कांडी, खाली जोराची उभी रेघ. अंगठा सगळीकडे 90 च्या वर. करंगळी 40, 38, एकदा तर 22. मला वाटायचं माझा हात सारखा पडतो! आणि दुसरं असं दिसलं, की तिसऱ्या मात्रेवर मी दर वेळी किंचित आधी येते. दर वेळी. प्रोग्रॅममध्ये क्वांटाइझ नावाची सोय आहे, ती सगळे सूर ओढून मात्रेच्या रेघेवर नेऊन बसवते. बसवून पाहिलं. सगळं अगदी बरोबर झालं आणि वाजवणारी मी उरले नाही.

मोर्सवर असताना आम्ही पलीकडे कोण बसलंय ते नाव न सांगता ओळखायचो. ठोके सारखेच, पण कुणी लांब ठोका जरा जास्त लांबवायचं, कुणी दोन अक्षरांमध्ये घाई करायचं. 'आज अमक्याचा हात आहे' असं म्हणायचो. एक सहकारी होते, चेहरा कधी पाहिला नाही, पण त्यांचा हात मी आजही ओळखेन. तर मी क्वांटाइझ रद्द केलं. करंगळीचे 22 तेवढे 45 केले, कारण तो हात नव्हे, तो आळस होता. तिसरी मात्रा तशीच ठेवली. यांची तक्रार नाही, उलट साथ जरा पुढे राहिली की गायला बरं पडतं म्हणतात. यांची खरी तक्रार मींडेची आहे. पट्ट्यांमधून मींड निघत नाही. बाजूच्या चाकाने सूर वाकवता येतो, त्याच्या 16,384 पायऱ्या आहेत म्हणे, पण नेहमीच्या सेटिंगला तो दोन घरांपलीकडे वाकत नाही. सेटिंगमध्ये वाढवता येतं. वाढवलं. आता चाक केसभर हललं तरी सूर पळतो. माझा डावा हात अजून त्या चाकावर बसलेला नाही.

जागेचाही एक हिशेब देते, कारण 'लहान एमपी-थ्री' या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण 10 मेगाबाइट घेतो. एमपी-थ्री त्याच आवाजाला दाबून लहान करते, पण आत आवाजच असतो. माझी दहा मिनिटांच्या साथीची मिडी फाइल काही किलोबाइटची आहे, कारण तिच्यात आवाजाचा एक कणही नाही. तीच फाइल मी भाच्याला पाठवली, तर माझ्याकडे पेटीसारखं वाजणारं त्याच्याकडे इलेक्ट्रिक पियानोसारखं वाजलं. "आत्या, तू जॅझ वाजवायला लागलीस?" त्याच्या कॉम्प्युटरने माझी तार त्याच्या आवाजात वाचली होती. दुसऱ्याला ऐकवायचं असेल तर आधी आपल्याकडे तिचा आवाज करून, म्हणजे ऑडिओ फाइल काढून, मगच पाठवावी.

आपल्या लेखकांवर राग नाही, त्यांनी हा विषय घेतला हेच मोठं. फक्त त्या दोन वाक्यांची दुरुस्ती पुढच्या रविवारी चौकटीत छापावी ही विनंती. चौकटीतला मजकूर मी लिहूनच देते, आपले शब्द वाचतील: 'चौकोनी भोकाची वायर बहुतेक कीबोर्डमधून आवाज नेत नाही, बोटांचे निरोप नेते. आवाज हवा असल्यास लाइन आउटमधून घ्यावा. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो.' मोजा, एकवीस शब्द होतात.

कळावे,
आपली,
एक निवृत्त तारबाई

ता. क. पत्र हाताने लिहिलं आहे, अक्षर लागलं नाही तर क्षमस्व. टाइप केलेलं तयार आहे, पण प्रिंटरची वायर कीबोर्डला आहे आणि हे आत्ता गात आहेत.